"याचा वॉटरमार्क पाहिलास का?"



पीएचडीला प्रवेश मिळाला की दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. समोर तीन-चार जण बसतात, चहा येतो, आणि चहाबरोबर कुणीतरी सहज एक प्रश्न विचारतं. त्यात तुमचं अख्खं प्रकरण वाहून जातं. माझ्या वाट्याला आलेला प्रश्न चार शब्दांचा होता, तो वर शीर्षकात दिला आहे. मॅडमनी तो अगदी शांतपणे विचारला. मी पाहिला नव्हता.

आधी पार्श्वभूमी सांगते. माझा विषय ग्रंथालय आणि माहितीशास्त्रातला आहे. हौशी लोकांनी मिळून बांधलेले संदर्भ-कॅटलॉग संशोधनाला कच्चा माल म्हणून वापरता येतात का, हा माझा प्रश्न. त्यासाठी मी टपाल तिकिटांचे ऑनलाइन कॅटलॉग निवडले. तिकीट गोळा करणाऱ्यांइतकी बारीक नोंद ठेवणारी माणसं फार थोडी असतात. कागद, डिंक, रंगाची छटा, कडेची छिद्रं, असं सगळं ते टिपतात. वाटलं, एवढं शिस्तीचं क्षेत्र आहे, इथला डेटा स्वच्छच असणार. (विषय निवडताना हे वाक्य तुमच्या मनात आलं तर तिथेच थांबा.)

पायलटसाठी मी एक साधा हिशेब मांडला. तिकीट निघाल्यानंतर ते साधारण किती वर्षांनी पाकिटावर चिकटवलं जातं? मामाच्या ट्रंकेत जुनी पाकिटं आणि तिकिटांचा एक अल्बम होता. पोस्टाच्या शिक्क्यावरून वापराचं वर्ष घ्यायचं, ऑनलाइन कॅटलॉगमधून तिकीट निघाल्याचं वर्ष घ्यायचं, आणि वजाबाकी करायची. एक्सेलमध्ये दोन रकाने आणि एक सूत्र. यात चुकण्यासारखं काय असणार?

यातली बरीच तिकिटं नकाशाच्या मालिकेतली होती. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान चलन आलं, आणि 'नये पैसे' लिहिलेली, मधोमध भारताचा नकाशा असलेली तिकिटं निघाली. आजोबांच्या पत्रव्यवहारात तुम्हीही पाहिली असतील. मी '५ नये पैसे, नकाशा' असं शोधलं, जी नोंद पहिल्यांदा समोर आली ती घेतली, आणि निघाल्याचं वर्ष १९५७ लिहून टाकलं. शिक्के १९६०, १९६१ चे. फरक तीन-चार वर्षांचा. बाकीच्या तिकिटांपेक्षा हा फरक ठळकपणे जास्त होता, आणि मला आनंद झाला. काहीतरी सापडलं होतं! लगेच एक परिच्छेदही लिहून टाकला: दशमान चलन येताना टपाल खात्याने भरमसाट साठा छापून ठेवला असावा, तो पुढे बरीच वर्षं पुरला असावा, वगैरे. वाचायला फार छान वाटत होता. त्याच परिच्छेदावर मॅडमनी बोट ठेवलं.

नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या या मालिकेचा कागद मध्येच बदलला. सुरुवातीच्या कागदात चांदण्यांचा वॉटरमार्क होता. १९५८ पासून अशोकस्तंभाच्या शीर्षाचा वॉटरमार्क असलेल्या कागदावर तीच चित्रं छापली जाऊ लागली, आणि एकेका किमतीचं तिकीट या नव्या कागदावर वेगवेगळ्या वेळी आलं. पुढून पाहाल तर दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो तिकीट उलटं करून काळ्या पृष्ठभागावर ठेवल्यावर, तेही बऱ्याचदा वॉटरमार्क पाहण्याचं खास द्रव टाकल्यावर. छापील कॅटलॉगांमध्ये या दोन स्वतंत्र मालिका आहेत. ऑनलाइन कॅटलॉगमध्येही दोन्हींच्या वेगळ्या नोंदी होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दोन्ही नोंदींवर चित्र होतं ते पुढच्या बाजूचं. म्हणजे दोन वेगळ्या नोंदी आणि एकच दिसणारं चित्र. वेगळेपणाचा पुरावा पानावर नव्हताच, होता तो वॉटरमार्कच्या रकान्यातला एक शब्द, आणि तो मी वाचला नाही.

चूक माझीच. पण ती करताना मला वाटेत कुठेच अडवलं गेलं नाही, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

कॅटलॉगमधली एक ओळ म्हणजे नक्की काय? आपण धरून चालतो की एक ओळ म्हणजे एक तिकीट. पण 'एक तिकीट' कुणी ठरवलं? तिकिटांचे कॅटलॉग मुळात दुकानदारांच्या किमतीच्या याद्या होत्या. स्टॅन्ली गिबन्स यांची पहिली यादी १८६५ ची, अमेरिकेत जॉन वॉल्टर स्कॉट यांची १८६८ ची, आणि जर्मनीतल्या मिशेलची १९१० ची. यादी विकण्यासाठी होती, त्यामुळे ज्या फरकाने किंमत बदलते त्या फरकाला वेगळी ओळ मिळाली, आणि ज्या फरकाला गिऱ्हाईक नव्हतं तो एका टीपेत गेला किंवा गेलाच नाही. ही त्या माणसांची लबाडी वगैरे नाही, ते आपलं दुकान चालवत होते. पण आज ऑनलाइन कॅटलॉग बांधणारा माणूस त्याच ओळी उचलतो तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीच्या बाजाराचे निर्णयही सोबत येतात. किमतीचा रकाना काढून टाकला तरी किमतीने पाडलेल्या फाळण्या तशाच राहतात.

आपलंच उदाहरण घ्या. 'भारताचं पहिलं टपाल तिकीट कोणतं?' स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात उत्तर असतं सिंध डाक, १८५२, बार्टल फ्रिअर. गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये सिंध डाकची तीन तिकिटं 'एस' अक्षर लावून मुख्य क्रमांकांच्या बाहेर ठेवली आहेत, कारण ती एका प्रांतापुरती होती. मग क्रमांक १ कुणाचा? १८५४ च्या अर्ध्या आण्याच्या शेंदरी तिकिटाचा, ज्याच्या चौकटीत साडेनऊ कमानी मोजता येतात. हे तिकीट कलकत्त्याला कॅप्टन थुलियर यांच्या देखरेखीखाली दगडावरून छापलं जात होतं. विलायतेहून आलेला शेंदरी रंग संपला, इथल्या रंगाने काम बिघडलं, आणि तो बेत सोडून निळं तिकीट काढावं लागलं. थोडक्यात, टपाल कचेरीत नेहमीसारखं विक्रीला न आलेलं तिकीट आज क्रमांक १ आहे. आणि लोकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या निळ्या अर्ध्या आण्याचे तीन वेगवेगळे साचे असल्यामुळे त्याला एक नाही, तीन मुख्य क्रमांक.

आता सांगा, '१८५४ मध्ये अर्ध्या आण्याची किती तिकिटं निघाली?' या प्रश्नाचं उत्तर एक, दोन की चार? तुम्ही पायथॉन लावा नाहीतर आर लावा, संगणक ओळी मोजून देईल. त्या ओळी कशाच्या आहेत हे तो सांगणार नाही.

देशांच्या मांडणीतही हाच प्रकार दिसतो. गिबन्समध्ये भारतानंतर दोन गट येतात. ज्या संस्थानांनी ब्रिटिश भारताशी टपालाचा करार केला होता ती एका गटात, उदाहरणार्थ ग्वाल्हेर, पतियाळा, चंबा. ज्यांनी स्वतःची तिकिटं काढली ती 'मांडलिक' संस्थानांच्या गटात. आपलं भोर या दुसऱ्या गटात आहे. १९०१ च्या भोरच्या तिकिटावर पंत सचिव शंकरराव यांचं चित्र आहे. 'मांडलिक' हा शब्द कुणाच्या नजरेतून आला ते सांगायला नको. छापील पुस्तकात हा इतिहासाचा अवशेष म्हणून चालून जातो, प्रस्तावना वाचून कळतंही. पण तुम्ही डेटाबेस बांधताय तेव्हा 'देश' या ड्रॉपडाउनमध्ये भोर स्वतंत्र देश की भारताचा उपगट, हे कुणीतरी ठरवतं. त्याला प्रस्तावना नसते, आणि वापरणाऱ्याला तो निर्णय दिसतच नाही. संस्थानांवर काम करायचं ठरवत असाल तर आधी तो ड्रॉपडाउन बघा.

आता ऑनलाइन कॅटलॉगांकडे. दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे घेते.

पहिला डब्ल्यूएनएस. जागतिक टपाल संघ आणि त्याच्याशी जोडलेली फिलाटेली संघटना यांनी १ जानेवारी २००२ पासून सुरू केलेली ही क्रमांक-पद्धत आहे. देशांच्या नावाने कुणीही बोगस तिकिटं छापून विकत होतं, त्याला आळा घालायचा हा हेतू. क्रमांकात देशाची दोन अक्षरं, मग तीन आकडे, टिंब, आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. मला ही पद्धत आवडते. नोंद कुठून आली हे स्पष्ट आहे: त्या देशाच्या टपाल प्रशासनाकडून. 'हे तिकीट खरोखर या देशाने काढलं का?' एवढाच तुमचा प्रश्न असेल तर याहून चांगलं उत्तर मिळणार नाही. पण २००२ च्या आधीचं काही नाही, आणि खातं जे जाहीर करतं तेवढंच दिसतं. नेहमीच्या वापराचं एखादं तिकीट पाच वर्षांनी दुसऱ्या कागदावर पुन्हा छापलं तर खातं त्याचा समारंभ करत नाही. माझी नकाशाची मालिका २००२ नंतर निघाली असती तर अशा यादीत बहुधा एकदाच दिसली असती.

दुसरा कॉलनेक्ट. याचा व्याप प्रचंड आहे आणि तो उभा केलाय जगभरच्या संग्राहकांनी. एकेका तिकिटाच्या पानावर मालिका, तारीख, आकार, रंग, छिद्रं, छपाईची पद्धत, कागद, डिंक असे रकाने असतात. शिवाय मिशेल, स्कॉट, इव्हेर, गिबन्स यांचे क्रमांक शेजारी-शेजारी दिलेले असतात. या शेवटच्या गोष्टीचं मोल कळायला चार जाडजूड कॅटलॉग मांडीवर घेऊन एकदा बसा. फुकट काम करणाऱ्या माणसांनी हे केलंय, तेव्हा पुढची टीका टोपी काढून करतेय.

पहिली गोष्ट. प्रत्येक नोंदीवर अचूकतेचा एक शेरा असतो. तो पूर्ण नोंदीला मिळून असतो. पण एका नोंदीत वीसेक विधानं आहेत! तारीख गॅझेटवरून आली असेल, छिद्रांचं माप कुणी स्वतः मोजलं असेल, वॉटरमार्क छापील कॅटलॉगवरून उतरवला असेल. यातलं मला हवं ते विधान कितपत पक्कं आहे? शेऱ्यावरून कळत नाही. दुसरं म्हणजे, दहा जणांनी 'बरोबर' म्हटलं, आणि दहाही जणांच्या कपाटात एकच गिबन्स असला, तर तो पुरावा दहाचा नाही, एकाचाच आहे. मुलाखतींवर किंवा विकिपीडियावर काम करणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल.

तिसरी गोष्ट म्हणजे चार कॅटलॉगांचे क्रमांक एकाच ओळीत ठेवणं. यात असं गृहीत धरलं जातं की चौघांचंही 'एक तिकीट' सारखंच आहे. ते तसं नाही. एकाने साच्यावरून फाळणी केली, दुसऱ्याने छटेवरून, तिसऱ्याने केलीच नाही. छटांचं तर विचारूच नका. गिबन्सची रंगांची पट्टी २०० रंगांची आहे आणि तरीही ट्यूबलाइटखाली दोन माणसांचं एकमत होत नाही. मग एका कॅटलॉगची एक ओळ दुसऱ्याच्या तीन ओळींना जोडायची झाली की माहिती भरणारा बिचारा जो जवळचा वाटेल तो क्रमांक टाकतो. क्रमांक तरी कुठे मोकळे आहेत? स्कॉटच्या प्रकाशकांनी आपले क्रमांक वापरले म्हणून क्राउझ या प्रकाशनसंस्थेवर दावा लावला होता, तो पुढे कोर्टाबाहेर मिटला. म्हणजे ज्याला सगळे 'नाव' समजून वापरतात ते कुणाच्यातरी मालकीचं आहे. नवा कॅटलॉग बांधायचा तर स्वतःचा क्रमांक स्वतः द्यायचा, तो एकदा दिला की बदलायचा नाही आणि दुसऱ्याला वापरायचा नाही, डीओआयसारखा. हे लिहायला सोपं आहे. गिबन्सला मध्येच सापडलेल्या प्रकारांसाठी क्रमांकाला 'ए', 'बी' अशी शेपटं लावावी लागतात, आणि ब्रिटनच्या राणीच्या मॅचिन तिकिटांचे प्रकार इतके झाले की त्यांच्यासाठी 'एक्स' आणि 'वाय'ने सुरू होणाऱ्या वेगळ्या रांगा लावाव्या लागल्या.

चित्राधारित नोंदीवर मी एवढी टीका करतेय, तर तिची बाजूही सांगते. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी छापली गेली, आरशात दिसावी तशी, डावा हात पुढे आलेली. १९५० मध्ये दुरुस्त करून उजवा हात पुढे असलेलं तिकीट काढलं. छापील कॅटलॉगमध्ये हा फरक शब्दांत लिहिलेला असतो, आणि मूर्तीचा डावा की आपला डावा यात मी पहिल्यांदा पाच मिनिटं घालवली. पडद्यावर दोन चित्रं शेजारी ठेवली की लहान मूलही सांगेल. जिथे फरक पुढच्या बाजूला आहे तिथे ऑनलाइन कॅटलॉग छापीलाला सहज मागे टाकतो. म्हणून तर पाठीमागचा फरक त्यात जास्त बेमालूम लपतो.

मग बांधायचा कसा? आपल्या शास्त्रात यावर विचार झालेला आहे आणि तिकीटवाल्यांनी तो उचललेला दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. 'इफ्ला' या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९८ मध्ये 'एफआरबीआर' नावाची मांडणी प्रसिद्ध केली. नेट-सेटसाठी तुम्ही ती चार खाणी म्हणून पाठ केली असेल: कृती, तिचा आविष्कार, तिचं प्रकाशित रूप, आणि हातातली प्रत. तिकिटाला हे जवळजवळ जसंच्या तसं लागू करता येतं. नकाशाचं रेखाटन ही कृती. त्याचं ५ नये पैशांचं रूप हा आविष्कार. चांदण्यांच्या कागदावरची छपाई आणि अशोकशीर्षाच्या कागदावरची छपाई ही दोन प्रकाशित रूपं. आणि मामाच्या अल्बममधलं, कोपरा फाटलेलं, ती प्रत. आजचे कॅटलॉग हे चारही मजले एकाच ओळीत कोंबतात. चित्र एका प्रतीचं, तारीख एका रूपाची, शीर्षक कृतीचं. मी शोधलं कृतीच्या नावाने आणि उचलली रूपाची तारीख. चूक झाली ती या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर.

अजून एक गोष्ट, आणि ही तुमचा विषय काहीही असला तरी कामाची आहे. रिकाम्या रकान्याचा अर्थ काय? वॉटरमार्कच्या रकान्यात काहीच नाही, याचे तीन अर्थ होतात: कागदाला वॉटरमार्क नाही, आहे पण कुणी पाहिला नाही, पाहिला पण ओळखता आला नाही. माझ्या एक्सेलमध्ये तिन्हीसाठी एकच कोरा चौकोन होता. मॅडमच्या प्रश्नानंतर मी तिथे तीन वेगळे शब्द ठेवले, आणि शेजारी आणखी एक रकाना जोडला: कुणी, कशावरून सांगितलं. तक्ता भरायला तिप्पट वेळ लागला. चिडचिड झाली. पण माझ्या तक्त्यात मला खरंच किती माहीत आहे ते पहिल्यांदा दिसलं, आणि ते फार थोडं होतं.

अल्बममधली सुटी तिकिटं मी काळ्या फरशीच्या तुकड्यावर उलटी ठेवून एकेक तपासली. निम्म्याहून जास्त अशोकशीर्षाची निघाली, म्हणजे मी समजत होते त्यापेक्षा नंतरची. तीन-चार वर्षांचा तो ठळक फरक विरघळला आणि भरमसाट साठ्याचा तो छान परिच्छेद मी पुसला. (फाइल अजून ठेवली आहे. वाईट वाटतं.)

राहिली पाकिटं. खरी अडचण आता तिथे आहे. सुट्या तिकिटावर शिक्क्याचा तुकडाच असतो, वर्ष निम्म्या वेळा कळत नाही. पाकिटावर शिक्का पूर्ण आहे, गाव, तारीख, वर्ष, सगळं स्वच्छ. पण तिकीट चिकटलेलं असल्यामुळे वॉटरमार्क दिसत नाही. तो पाहायचा तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवावं लागेल, आणि सोडवलं की शिक्का दोन तुकड्यांत जाईल, एक तिकिटावर आणि एक पाकिटावर. मामाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, पाकिटं भिजवायची नाहीत. त्यावर माझ्या आईचं अक्षर आहे."

त्या ओळींमध्ये सध्या 'पाहिला नाही' असं लिहिलंय, आणि निघाल्याच्या वर्षाच्या जागी '१९५७ किंवा नंतर'. सूत्र चालत नाही, लाल रंगात चूक दाखवतं. पुढचा प्रगती अहवाल डिसेंबरात आहे.